मॉडेल विमानाची पुढची काच: खर्च वळणाचा, आकाराचा नव्हे

मॉडेल विमानाला पुढची काच बसवायला किती खर्च येईल? दोनशे रुपये, असेही उत्तर आहे आणि साडेतीन हजार, असेही. दोन्ही आकडे खरे आहेत. गंमत अशी, की सहा फूट पंखाच्या मॉडेलची काच दोनशेत होऊ शकते आणि तीन फुटी मॉडेलची हजारांत जाऊ शकते. खर्च काचेच्या आकारावर ठरत नाही, तिच्या वळणावर ठरतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी वहीतला एक कोरा कागद घ्या आणि काचेच्या जागी गुंडाळून पाहा. फॉर्मरला, म्हणजे सांगाड्यातल्या आडव्या चौकटीला, आणि पंखाच्या कडेला तो सुरकुती न पडता टेकला, तर वळण एकाच दिशेचे आहे. तिथे सपाट पारदर्शक शीट कापून, वाकवून, चिकटवली की झाले. कागदाला चुण्या पडू लागल्या, कितीही फिरवला तरी कुठेतरी फुगा राहिला, तर वळण दोन दिशांचे आहे. तिथे शीट गरम करून साच्यावर ओढावी लागते, आणि पैसे त्या साच्यालाच लागतात.

दोन्ही प्रकार आपल्याच देशातल्या दोन विमानांत नीट दिसतात आणि दोन्हींचे रचनाकार एकच, मूळचे कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीतज्ज्ञ प्राण्टलच्या हाताखाली शिकून आलेल्या घाटग्यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आधी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान रचले, ते १९५१ साली उडाले. पुढे १९५८ मध्ये पुष्पक उडाले, दोन आसनांचे, वर पंख असलेले. देशातल्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. पुष्पकच्या मॉडेलची पुढची काच एका शीटमधून निघते. एचटी-२ वर मात्र एकामागे एक बसणाऱ्या दोघांवर लांबट फुगीर कॅनॉपी, म्हणजे पारदर्शक झाकण, आहे. ती कागदाला दाद देत नाही.

आधी पुष्पक घेऊ. मूळ विमानाचा पंख ३६ फुटांचा, म्हणजे एक-षष्ठांश मापात बरोबर सहा फूट. या मापात पुढची काच बाजूच्या वळणासकट ए-४ कागदात सहज बसते. कापलेला तुकडा सव्वादोनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास धरला, तर पाव मिलिमीटर जाडीच्या शीटमध्ये त्याचे वजन आठ ग्रॅम भरते आणि अर्ध्या मिलिमीटरमध्ये सोळा. अडीच-तीन किलोच्या विमानाला हा फरक जाणवणारही नाही. त्यामुळे ‘वजन वाचवणारी’ महागडी शीट कोणी गळ्यात मारू लागला, तर हा हिशेब त्याला ऐकवा. अर्ध्या किलोच्या फोमच्या विमानाला आठ ग्रॅम थोडेफार महत्त्वाचे असतील, पण तिथेही ते नाकाकडेच पडतात आणि बहुतेक मॉडेलांना नाकाकडे वजन हवेच असते.

शीट कोणती घ्यावी

झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगला जे पारदर्शक कव्हर लावतात, ते पीव्हीसीचे असेल तर या कामाला उत्तम. जाडी बहुधा दोनशे-अडीचशे मायक्रॉन, म्हणजे आपल्याला हवे तेच पाव मिलिमीटर. एका नगाला पाच ते दहा रुपये. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक पाकीट मिळते, पण दोन काचांसाठी शंभर कव्हरे घेण्यात अर्थ नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तीन सुटी घ्या. त्यावर चरे नाहीत ना, हे उजेडाकडे धरून बघा. गठ्ठ्यातल्या सर्वांत वरच्या शीटवर चरे हमखास असतात.

ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) शीट दहा-वीस रुपयांना मिळते आणि स्वच्छही दिसते. पण ती पातळ असते, साधारण शंभर मायक्रॉन, आणि ताणून बनवलेल्या पॉलिएस्टरची असल्यामुळे गरम करून वळण धरत नाही, उलट आक्रसते. छोट्या फोमच्या विमानाच्या सपाट खिडक्यांना ती चालेल. पुढच्या काचेला नको.

फुकटचा मालही वाईट नाही. शर्टच्या खोक्याची खिडकी, केकच्या डब्याचे झाकण, खेळण्याचे पॅकिंग यांतून छोट्या मॉडेलची काच आरामात निघते. फक्त तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा वाचा. १ असेल तर पेट, घ्या. ३ असेल तर पीव्हीसी, घ्या. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, आणि त्याला कुठलाच नेहमीचा गोंद धरत नाही. आज चिकटले असे वाटेल, पण पहिल्याच जोरकस लँडिंगला अख्खी काच सुटून येईल. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, वाकवताना तडकते. बाइंडिंगची काही कव्हरेही पॉलिप्रॉपिलीनची असतात. ती किंचित दुधट दिसतात आणि बोटाला मेणचट लागतात. विचारूनच घ्या.

अ‍ॅक्रिलिक इथे नको. पातळ अ‍ॅक्रिलिक थंडपणी वाकवले की तुटते. पॉलिकार्बोनेट चिवट आहे, हातोडी सोसते, पण हॉबीच्या दुकानात ते एक मिलिमीटरच्या आसपास मिळते आणि त्या जाडीची काच कडेला ताण देत राहते. मोठ्या पेट्रोल इंजिनच्या मॉडेलांना ते ठीक.

कापायच्या आधीचे अर्धे काम

सगळ्या खर्चात सर्वांत मोलाची वस्तू फुकट मिळते, ती म्हणजे जुनी लग्नपत्रिका. जाड, गुळगुळीत, न लवणारा कागद. त्यातून आधी कागदी काच करायची. मध्यावर पेन्सिलने उभी रेघ मारा आणि तीच रेघ विमानाच्या नाकावरही मारा. रेघेला रेघ जुळवून पत्रिका टेकवा. एका बाजूला पंखाच्या कडेला दोन मिलिमीटर फट दिसेल, दुसरीकडे कागद वर चढेल. चढलेला भाग कापा, फटीच्या जागी मास्किंग टेपचा तुकडा लावून नवी कड आखा, पुन्हा टेकवा. हे चार-पाच वेळा होते आणि दर वेळी कागद अधिक शहाणा होतो. शेवटी चारही बाजूंना लाकडावर तीन मिलिमीटर येईल इतकी पट्टी ठेवा. गोंद त्याच पट्टीवर बसणार आहे.

मग पत्रिका शीटवर टेपने चिकटवून सीडी मार्करने बाहेरून रेघ मारा. वळण कात्रीने, सरळ कड स्टीलची पट्टी धरून कटरने. कटर एकदाच दाबून ओढू नका. हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा आणि मग वाकवून तोडा. कडेला बारीकशी खाच राहिली तरी तडा तिथूनच सुरू होतो, म्हणून ४०० नंबरच्या वॉटर पेपरचा हात कडेवरून फिरवून घ्या.

एकाच वेळी दोन काचा कापा. दुसरी कापायला दहा रुपये आणि पाच मिनिटे लागतात. विमान गवतात नाकावर उलटले, की पहिली काचच जाते. कापलेली पत्रिका जपून ठेवली नसेल, तर तेव्हा अख्खी संध्याकाळ पुन्हा त्याच कामात जाईल. पत्रिकेवर मॉडेलचे नाव आणि शीटची जाडी लिहून ठेवा.

पीव्हीसी शीटला वळण आधीच द्यावे. लाटण्याला किंवा वळणाच्या मापाच्या बाटलीला ती टेपने गुंडाळा, हेअर ड्रायरची गरम हवा सगळीकडे सारखी फिरवा, आणि गुंडाळलेलीच ठेवून पूर्ण गार होऊ द्या. तशीच सपाट शीट जबरदस्तीने वाकवून चिकटवली तर ती रात्रंदिवस सरळ व्हायला बघते, आणि गोंद कितीही चांगला असला तरी कोपरे उचलले जातात.

खरे पैसे गोंदाला

इथे मात्र कंजुषी करू नका, असे माझे मत आहे. मॉडेलवाल्यांच्या हातात फेविक्विक कायम असते, बाल्साचे लाकूड जोडायला त्यासारखे दुसरे काही नाही, पाच-दहा रुपयांना मिळते. काचेसाठी तेच उचलले की घात. या गोंदाची वाफ हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की घट्ट होते आणि जवळच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढऱ्या भुकटीसारखी बसते. चिकटवताना काच लख्ख असते. दुसऱ्या दिवशी कडेपासून आत बोटभर धुके आलेले असते, आणि ते आतल्या बाजूला असते, म्हणजे पुसायलाही हात पोहोचत नाही. केबिन सगळीकडून बंद असेल आणि शेवटची खिडकी फेविक्विकने लावली, तर वाफ आतच कोंडते आणि सगळ्या खिडक्या एकदम जातात. जुलै-ऑगस्टात कोकणात किंवा मुंबईत हे आणखी लवकर होते, कारण ओलाव्याला तोटा नाही.

काचेसाठी खास ‘कॅनॉपी ग्लू’ मिळतो. दिसायला दुधासारखा पांढरा, वाळल्यावर पारदर्शक आणि थोडा लवचिक. या लवचिकपणालाच पैसे आहेत: इंजिनच्या थरथरीत तो तडकत नाही, आणि काच बदलायची वेळ आली की थोडी गरम हवा देऊन खरवडून काढता येतो. बाहेरून येणारी छोटी बाटली पाचशे ते हजार रुपयांना पडते, वर कुरिअर वेगळे. एका काचेला त्यातला चमचाभरही लागत नाही. एकच विमान बांधणार असाल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा प्रकार होतो. तीन-चार मित्रांनी मिळून बाटली घेतली तर मात्र ती दोन-तीन वर्षे पुरते. झाकण घट्ट लावा, नाहीतर तोंडाशी साय धरते.

एकट्याचा कारभार असेल तर फेविकॉल मरीन घ्या, छोटा डबा शंभर-दीडशेत येतो. साध्या फेविकॉलपेक्षा पाण्याला जास्त टिकतो. वाळल्यावर रेघ थोडी पिवळट दिसते, पण ती पट्टीखाली झाकली जाणार असल्याने हरकत नाही. ॲरल्डाइट मजबूत असले तरी चकचकीत प्लास्टिकवरून पापुद्र्यासारखे सुटते, आणि जिथे धरते तिथून काच काढताना लाकूडही घेऊन येते.

गोंद कुठलाही घ्या, दोन गोष्टी केल्याशिवाय तो धरत नाही. एक म्हणजे काचेच्या कडेची तीन मिलिमीटर पट्टी आतल्या बाजूने वॉटर पेपरने मॅट करायची. बाकीच्या काचेवर आधी मास्किंग टेप लावा, हात घसरला तर टेपवर घसरेल. दुसरे, विमानावर प्लास्टिकची कव्हरिंग फिल्म असेल तर काचेखाली येणारा तिचा भाग कापून लाकूड उघडे करायचे. पाण्याचे गोंद फिल्मवर बसतात, फिल्मला चिकटत नाहीत.

गोंद भरायला मेडिकलमधली सुई नसलेली सिरिंज आणा, पाच-दहा रुपये. बाटलीच्या तोंडाने ओतलात तर काचेवर ओघळ येणारच. बारीक सलग रेघ मारा. काच आधी मध्यावर टेकवा, रेघेला रेघ जुळवून टेप लावा, मग मधून दोन्ही बाजूंना सरकत टेप मारत जा. बाहेर आलेला गोंद ओल्या कापसाने लगेच पुसा, वाळल्यावर तो निघताना चरा ठेवून जातो. एक रात्र हात लावू नका. पावसाळ्यात दोन रात्री.

आणि हे सगळे करण्याआधी केबिनच्या आतला रंग, डॅशबोर्ड, वैमानिकाची बाहुली, सगळे आटपलेले हवे. काचेच्या आतल्या बाजूचे बोटांचे ठसे मऊ सुती कपड्याने, साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावाल तर काच क्षणात दुधाळ होते, ती परत येत नाही.

बाहेरची कड झाकायला हॉबीच्या दुकानातली पट्टी घेण्याऐवजी नंबर प्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा. तीन आणि पाच मिलिमीटरच्या विनाइल पट्ट्या हव्या त्या रंगात तो मशीनवर कापून देतो, पन्नास ते शंभर रुपयांत. उरलेल्या पट्ट्यांत दारांच्या रेघाही होतात.

पुष्पकचा हिशेब असा: शीट तीस, सिरिंज दहा, मास्किंग टेप पन्नास, वॉटर पेपर वीस, रेडियम ऐंशी. एकशे नव्वद झाले. घरात योग्य गोंद नसेल तर फेविकॉल मरीनचे दीडशे धरून साडेतीनशेच्या आत. कटर आणि मार्कर मोजले नाहीत, ते मॉडेल बांधणाऱ्याकडे असतातच.

एचटी-२ ची कॅनॉपी

आता दुसरा प्रकार. एक-द्वादशांश मापात एचटी-२ चा पंख नव्वद सेंटिमीटरच्या आत येतो. विमान लहान, पण कॅनॉपी फुगीर, म्हणजे तिच्या आतल्या आकाराचा घन साचा, म्हणजे प्लग, करणे आले. थर्माकोल चालत नाही, गरम हवेत वितळतो. पॅकिंगच्या खोक्याचे देवदार कोरता येते, किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून मग घासता येते. प्लगवरची प्रत्येक उंचवट्याची रेघ, प्रत्येक चरा काचेवर उमटतो, म्हणून पुट्टी भरून ४०० आणि मग ६०० नंबरच्या पेपरने तो आरशासारखा करावा लागतो. सामान चारशे-पाचशेचे, पण सुट्टीचे दोन दिवस जातात. घडणावळ म्हणतात ती ही.

त्यावर ओढायला शीतपेयाची दोन-सव्वादोन लिटरची बाटली वापरतात. गुळगुळीत भिंतीचीच घ्या, पाण्याच्या बाटल्यांना वळ्या असतात त्या उतरत नाहीत. बूड कापायचे, प्लग आत सरकवायचा, खालून लाकडी पाचर ठोकून बाटली ताणायची आणि हीट गन सारखी फिरवत राहायची. पेट ऐंशी अंशांच्या पुढे मऊ होते आणि बाटली प्लगवर आवळत जाते. एका जागी गन थांबली की तिथे भोक पडते किंवा पांढरा डाग येतो. पहिली बाटली बहुतेकांची वाया जाते, म्हणून चार धरा. हीट गन हजार ते दोन हजार. हेअर ड्रायरने हे होत नाही, तेवढे तापमान येत नाही. अशी बेरीज केली तर गन पंधराशे, प्लग पाचशे, बाटल्या चारशे, कॅनॉपी ग्लू आठशे, फ्रेमच्या रेडियम पट्ट्या शंभर-दीडशे, म्हणजे साडेतीन हजारांच्या घरात. गन पुढे फिल्म ताणायलाही लागते, तेव्हा सगळा भार कॅनॉपीवर टाकणे तसे अन्याय्य आहे. मित्राकडून मागून आणली तर खर्च दोन हजारांच्या आत येतो.

बाटलीच्या सरळ भागाची लांबी वीस सेंटिमीटरच्या आसपासच असते. त्याहून लांब कॅनॉपी दोन तुकड्यांत करून जोड फ्रेमच्या पट्टीखाली लपवावा, नाहीतर व्हॅक्यूम फॉर्मिंग करणाऱ्याकडे जावे. पॅकिंगचे ट्रे बनवणारे छोटे कारखाने औद्योगिक वसाहतींत असतात, त्यातले काही असे काम करून देतात. तिथे विचारताना ‘एक कॅनॉपी कितीला?’ असे विचारू नका. प्लग तुम्ही देणार की ते करणार, शीट कुठली आणि किती जाडीची, एका ओढीत किती नग निघतात, आणि बिघडलेल्या ओढीचे पैसे कोणाचे, हे चार प्रश्न विचारा. मशीन गरम करण्याचाच खर्च मोठा असल्यामुळे एक नग आणि पाच नग यांच्या एकूण बिलात फारसा फरक नसतो. प्लग थ्रीडी प्रिंट करून घ्यायचा असेल तर दर ग्रॅममागे सांगतात, साधारण पाच ते पंधरा रुपये. आतून पोकळ प्रिंट स्वस्त, पण नेहमीच्या पीएलए प्लास्टिकचा प्लग गरम शीटखाली खचतो. त्यात प्लास्टर भरून घ्या. लेझर कटिंगवाल्याकडे पीव्हीसी शीट घेऊन गेलात तर तो परत पाठवेल आणि ते बरोबरच आहे: जळताना त्यातून घातक वायू निघतो, मशीनही गंजते.

विमान विकत घेतानाच

किट किंवा तयार विमान घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, ‘कॅनॉपी सुटी मिळते का, आणि कितीला?’ पायपर कब किंवा सेसनासारख्या खपणाऱ्या मॉडेलांची बहुधा मिळते. अनोळखी मॉडेलची नसेल तर तुटल्यावर वरचा सगळा प्लगचा खेळ तुमच्या वाट्याला आला.

इलेक्ट्रिक विमानात काचेखालीच बॅटरी असते आणि काच झाकणासारखी उघडते. तिला सहा मिलिमीटरचे छोटे चुंबक लावा, नग पाच ते पंधरा रुपयांना. चिकटवण्याआधी जोड्या जुळवून एका बाजूवर मार्करने खूण करा, उलटा बसला की झाकण बंदच होत नाही. स्क्रूने बसवायची असेल तर चष्म्याच्या दुकानात बारीक स्क्रू मिळतात. भोक स्क्रूपेक्षा जरा मोठे पाडा, घट्ट भोकापासून तडा जातो.

बंद केबिनला मागे कुठेतरी हवा बाहेर जायला भोक ठेवा. बॅटरी थंड ठेवायला नाकातून हवा आत घेत असाल, तर बाहेरचे भोक आतल्याच्या दुप्पट हवे. नाहीतर आत कोंडलेली हवा काचेला आतून रेटत राहते. उन्हाचेही तसेच. मे महिन्यात बंद गाडीत विमान ठेवले, की आतला पारा पीव्हीसी मऊ होण्याच्या जवळ पोहोचतो आणि काच फुगते किंवा कडेला लाटा येतात. गाडी उन्हात उभी करायची असेल तर काच चुंबकाची असो वा चिकटवलेली, विमानावर पांढरे फडके टाका आणि खिडक्या बोटभर उघड्या ठेवा.